मूस, लॉटरी आणि सरकारी जंगल

आईला फोनवर सांगितलं, ऑफिसातल्या तिघांबरोबर मूसच्या शिकारीला जायचं ठरतंय. पलीकडे शांतता. मग म्हणाली, "इंजिनिअरिंग करून हे शिकलास?" बंदुकीचा परवाना माझ्याकडे नाही, मी फक्त हमाल, असं सांगून वेळ मारून नेली.

पण खरं काम हमालाचंच. नर मूस सहज चारशे-पाचशे किलोचा, आणि ब्रिटिश कोलंबियाच्या कायद्यानं खाण्याजोगं मांस जंगलात टाकून येता येत नाही. म्हणजे रस्ता नसलेल्या डोंगरातून दीड-दोनशे किलो मांस पाठीवरून आणायचं, तेही अस्वलांना वास लागायच्या आत. म्हणून आमचा पहिला नियम: गाडीपासून दोन किलोमीटरच्या पुढे गोळी झाडायची नाही. नकाशे, सॅटेलाइट फोन, मांसाच्या सुती पिशव्या, सगळं एक्सेलमध्ये. जायचं होतं फोर्ट सेंट जॉनच्या पलीकडे, व्हँकुव्हरपासून जवळपास बाराशे किलोमीटर. जमीन सरकारी, या प्रांताची सुमारे ९४ टक्के जमीन तशीच आहे.

आणि ड्रॉमध्ये नंबरच लागला नाही!

तिथे २०२२पासून सरकारनं परवानाधारकांची मूसची शिकार निम्म्यावर आणायचं ठरवलं आणि त्यासाठी लॉटरी आणली. शिकारी संघटना भडकल्या. आमच्या ऑफिसातही सूर तोच: "आदिवासींसाठी आमचा हक्क गेला." मला हे अर्धंच पटतं.

मूळ प्रकरण ब्लूबेरी रिव्हर फर्स्ट नेशन्सचं. १८९९च्या आठव्या करारात या लोकांना शिकार, मासेमारी पूर्वीसारखी चालू राहील असं वचन दिलं होतं. पुढे गॅसच्या विहिरी, पाइपलाइन, लाकूडतोड, रस्ते. जून २०२१मध्ये प्रांताच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सरकारनं करार मोडला. त्यांच्या क्षेत्राचा ८५ टक्के भाग कुठल्या ना कुठल्या औद्योगिक खुणेपासून २५० मीटरच्या आत आला होता. परवानगी एकेका प्रकल्पाला मिळत गेली, बेरीज कोणी केलीच नाही. (आमच्या धंद्यातही सिस्टीम अशीच बसते.) जानेवारी २०२३मध्ये समझोता झाला, जमीन पूर्ववत करायला २० कोटी डॉलरचा निधी ठरला.

म्हणजे कोर्टाचं बोट उद्योगांच्या परवान्यांकडे होतं, शिकाऱ्यांकडे नव्हे. पण जंगल परत उगवायला पन्नास वर्षं लागतात, लॉटरी एका हंगामात लावता येते. आणि राग निघतो तो ब्लूबेरीवाल्यांवर.

आपल्याकडे गडचिरोलीत मेंढा-लेखाला २००९मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला, तोही 'सरकारी' म्हटलेल्या जंगलावरच. हे मी सहकाऱ्यांना सांगितलं. एक जण म्हणाला, "तिथे मूस आहेत का?"

पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करणार आहेत. आईला अजून सांगितलेलं नाही.