‘आवडत नाही’ आणि ‘खात नाही’

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, आणि खाद्यपदार्थांची नावे हा त्यातील मुलांच्या आवडीचा पाठ. शिक्षिका चित्रकार्ड उंचावतात, ‘डू यू लाइक इट?’ असे विचारतात. मुले ‘येस, आय डू’ किंवा ‘नो, आय डोन्ट’ असे एका सुरात सांगतात. सफरचंद, केळे, दूध सुखरूप पार पडते. मग बटाट्याचे कार्ड वर येते आणि जैन घरातील मूल घुटमळते. त्याने बटाटा कधी चाखलेलाच नसतो. तो आवडतो म्हणणे खोटे, आवडत नाही म्हणणेही खोटेच. पण खेळाला वेग असतो. मूल ‘नो’ म्हणून मोकळे होते.

मराठीत त्याच्याजवळ ‘आवडत नाही’, ‘खात नाही’ आणि ‘आम्हांला चालत नाही’ असे तीन निरनिराळे प्रयोग असतात. इंग्रजीच्या तासाला मात्र पहिलाच हाती दिलेला असतो. ‘आय डोन्ट ईट इट’ हे चार शब्दांचे वाक्य त्याच आठवड्यात शिकवले, तर ही अडचण उरत नाही. वाक्य न मिळालेले मूल पुढे शेजाऱ्याच्या डब्यातील बटाट्याच्या भाजीला ‘डर्टी’ म्हणू लागते, आणि तिथे घरच्या आचाराचे रूपांतर दुसऱ्याच्या अपमानात होते. पाठशाळेत भाषासमितीचा अर्थ पाठ करून घेण्यापेक्षा हे एक वाक्य वेळेवर देणे अधिक उपयोगाचे.

रविवारच्या पाठशाळेत या शब्दांसाठी कापडी पिशवीचा खेळ उत्तम चालतो. आत दोडका, कारले, भेंडी, मटाराची शेंग ठेवावी. मुलाने न पाहता चाचपून इंग्रजी नाव सांगावे. पर्वतिथीला भाजीऐवजी मूग, चवळी, बदाम असावेत. ‘लेडीज फिंगर’ला वर्ग हसतोच, हसून झाल्यावर तिलाच ‘ओक्रा’ही म्हणतात हे सांगावे. वांग्याची गंमत निराळी. भारतात ते ‘ब्रिंजल’, इंग्लंडमध्ये ‘ओबर्जीन’, अमेरिकेत ‘एगप्लांट’. नावात ‘एग’ आले म्हणून मुले ते अंड्यांच्या रांगेत बसवतात. अनेक घरांत वांगे वर्ज्य असते खरे, पण त्याचे कारण त्यातील असंख्य बिया. अंड्याशी त्याचा काही संबंध नाही.

याहून रंगतो तो खडूच्या दोन वर्तुळांचा खेळ: एक ‘अबव्ह द ग्राउंड’, दुसरे ‘अंडर द ग्राउंड’. ‘कॅरट’, ‘रॅडिश’, ‘अनियन’, ‘गार्लिक’ ही कार्डे झटपट जमिनीखालच्या वर्तुळात जातात. मग ‘पीनट’ येतो. शेंग मातीखाली वाढते, तरी बहुतेक जैन घरांत शेंगदाण्याचे कूट रोज लागते. ओले आले चालत नाही, सुंठ चालते. इथे वाद पेटतो, आणि वादाच्या भरात ‘रूट’, ‘सीड’, ‘ड्राय’, ‘फ्रेश’ हे शब्द मुले आपणहून मागून घेतात. घरोघरचा आचार वेगळा असल्याने शिक्षिकेने निवाडा करू नये. ‘आजीला विचारून या’ एवढे सांगितले की पुरे.

तिसरी-चौथीच्या मुलांसाठी रिकाम्या पाकिटांचा खेळ आहे. पाकिटावरचे हिरवे वर्तुळ पदार्थ शाकाहारी असल्याचे सांगते. त्यात कांदा, लसूण, बटाटा नाही, असे ते सांगत नाही. मधाच्या बाटलीवरही तेच वर्तुळ असते. म्हणून बारीक अक्षरांतील ‘अनियन पावडर’, ‘पोटॅटो स्टार्च’, ‘हनी’ शोधावे लागतात. दोन गट करावेत, प्रत्येक सापडलेल्या शब्दाला एक गुण द्यावा. ज्या आजीला इंग्रजी येत नाही, ती पुढे वाण्याकडून आलेले प्रत्येक पाकीट नातवापुढे धरते, आणि तिच्या नियमाचा भार आठ वर्षांच्या वाचनावर असतो. त्यामुळे या खेळात अंदाजाने सांगितलेल्या शब्दाला गुण देऊ नये. मुलाने त्यावर बोट ठेवून तो वाचून दाखवावा.

पाकिटे घरून धुऊन, पुसून आणायला सांगावीत. बिस्किटांचा चुरा राहिला की पाठशाळेत मुंग्या जमतात, आणि मग सगळा वर्ग खेळ सोडून त्यांना जपून बाहेर नेण्यात गुंततो.