इंधन स्वदेशी, कच्चा माल परदेशी?

९ सप्टेंबर २०२३ रोजी नवी दिल्लीतील जी-२० परिषदेच्या वेळी, भारताच्या पुढाकाराने जागतिक जैवइंधन आघाडीची घोषणा झाली. जगातील सुमारे ८० टक्के इथेनॉल निर्माण करणारे अमेरिका आणि ब्राझील भारतासोबत त्या व्यासपीठावर होते. आखाती तेलाच्या चढउतारांनी ज्या देशाचे अंदाजपत्रक वर्षानुवर्षे कोलमडले, त्याने नव्या इंधनाच्या व्यवहारात यजमानपद भूषवावे, ही अभिमानाची गोष्ट होय. परंतु आघाडीत प्रत्येक राष्ट्र आपापले हित घेऊनच येते, याचे विस्मरण होता कामा नये.

अमेरिकेला मक्यापासून बनणाऱ्या इथेनॉलसाठी बाजारपेठ हवी आहे. इंधनासाठी इथेनॉल आयात करण्यावर भारताने घातलेले निर्बंध तिला खुपतात. दुसरीकडे इंडोनेशियाने २०२५ पासून डिझेलमध्ये ४० टक्के पामतेलजन्य इंधन मिसळण्याचे धोरण स्वीकारले. भारत निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो. साहजिकच तेथील मालमोटारींत जळणाऱ्या तेलाची झळ येथील गृहिणीच्या कढईला लागते.

भारताने पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२५ मध्येच गाठले; मुळात ते २०३० साठी होते. परकीय चलन वाचले, ऊस उत्पादकाला आधार मिळाला. मात्र २०२३ मध्ये पावसाने ओढ दिली आणि डिसेंबरमध्ये केंद्र सरकारला उसाच्या रसापासून इथेनॉल बनविण्यावर निर्बंध आणावे लागले. कर्ज काढून आसवनी उभारणारे महाराष्ट्रातील साखर कारखाने पेचात सापडले. मग भार मक्यावर आला. परिणामी, एके काळी मका निर्यात करणारा भारत २०२४ मध्ये निव्वळ आयातदार बनला. म्यानमार आणि युक्रेनमधून मका आला. कुक्कुटपालन करणाऱ्यांना कोंबड्यांचे खाद्य महागले.

तेलाची आयात घटवून मक्याची वाढवायची, याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. ब्राझीलचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७५ मध्ये इथेनॉल योजना आखली, ती स्वतःच्या उसाच्या बळावर. जगाच्या बाजारातील त्याचे वजन त्या बळातून आले आहे.

भारताचे बळ अन्नाशी स्पर्धा न करणाऱ्या कच्च्या मालात आहे. पानिपत येथे २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून, तर आसाममधील नुमालीगड येथे २०२५ मध्ये बांबूपासून इथेनॉल बनविणारे प्रकल्प राष्ट्रार्पण झाले. हा मार्ग खर्चिक व संथ आहे, पण तो आपला आहे. असे प्रकल्प जिल्ह्याजिल्ह्यांत उभे राहीपर्यंत, कितीही दडपण आले तरी परकीय इथेनॉलला इंधनबाजाराचे दार उघडू नये.

पं. दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत देशाला अनुरूप अर्थनीतीचे सार दोन शब्दांत सांगितले होते : स्वदेशी आणि विकेंद्रीकरण. जैवइंधनाचे धोरण याच कसोटीवर उतरले पाहिजे. जगाशी देवाणघेवाण अवश्य व्हावी. मात्र आपले कोठार भरलेले असेल, तरच ती बरोबरीच्या नात्याने होईल.