मंगळवारचे पान

दिवाळीला बहिणीकडे जावे, तिच्या हातचे अनारसे खावेत आणि दुपारी ताणून द्यावी, एवढ्याच माफक अपेक्षेने मी आंधळगावला गेलो. भंडारा जिल्ह्यातले हे कोशाच्या कापडाचे गाव. पण पाहतो तो दारात रांगोळी नाही, भाऊजी ओसरीवर डोके धरून बसलेले आणि भाचा कॉम्प्युटरपुढे घामाघूम!

"मामाजी, डिस्क गेली!"

कोणत्या विणकराला किती सूत दिले, कोणाची किती मजुरी निघते, सारे तिच्यात. सुताचा मेळ लागल्याशिवाय मजुरी चुकती होत नाही, आणि लक्ष्मीपूजन तर दोन दिवसांवर!

बॅकअप होता, हे खरे. दुसऱ्या डिस्कवर रविवारी सगळ्याची पूर्ण प्रत आणि पुढे रोज रात्री फक्त त्या दिवशी बदललेल्या फायलींची. जागा वाचते, वेळ वाचतो. भाच्याने "ताजी तीच" म्हणून बुधवारची प्रत उघडली. आत एकटी मजुरीची फाईल! सूत, उधारी, गिऱ्हाइके, सारे गायब. बहिणीने डोळ्यांना पदर लावला.

माझी हयात हिशेबात गेलेली. म्हटले, "अरे, ही तर आपली रोजकीर्द! रविवार म्हणजे आरंभीची शिल्लक. तिच्यावर सोमवार, मग मंगळवार, मग बुधवार, ओळीने चढव. क्रम चुकला तर जुनी फाईल नव्या फायलीच्या डोक्यावर बसेल."

रविवार चढला, सोमवार चढला. मंगळवार उघडेचना! त्या रात्री प्रत निघत असतानाच वीज गेली होती आणि पुढे ती कोणी उघडून पाहिलीच नव्हती. (हसू नका. अमेरिकेत १९९८ साली 'टॉय स्टोरी २' ह्या चित्रपटाच्या फायली चुकून पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअप बिघडलेला निघाला. तान्ह्या बाळासाठी घरून काम करणाऱ्या एका बाईंच्या कॉम्प्युटरवर प्रत होती, तिने चित्रपट तारला.)

बुधवारी हात लागल्यामुळे मजुरीची फाईल अख्खी आली. सुताची मात्र मंगळवारी लिहिलेली. ती सोमवारवरच थांबली. उलट, सोमवारी पुसून टाकलेले एक खाते रविवारच्या प्रतीतून जिवंत होऊन बसले! काय बदलले ते हा बॅकअप टिपत होता. काय पुसले ते नाही.

"ह्याचे पैसे केव्हाच आले!" भाऊजी ओरडले आणि तेवढ्या दुःखातही आम्ही हसलो.

आता मंगळवारी सूत कोणी किती नेले? भाऊजींनी टोपी चढवली, मी पेन्सिल घेतली आणि आम्ही घरोघर निघालो. तिसऱ्या घरी एक म्हातारी मागावरून उठली आणि आतून एक पुडके घेऊन आली.

"पावभर कोसा तुमचाच जास्तीचा हाये माह्यापाशी, भाऊ. मंगळवारी मोजताना तुमची नजर चुकली."

भाऊजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडा टिपून घेतला.

परतलो तेव्हा बहीण अंगणात रांगोळी काढत होती. अनारसे दुसऱ्या दिवशी मिळाले.