पोर्टेबल एसी घेताय? आधी खिडकी बघा



एप्रिल उजाडला की माझे फोन सुरू होतात. मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, पण नातेवाइकांच्या लेखी बीई झालेला मुलगा म्हणजे मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळ्याचा जाणकार. यंदा बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: "ते चाकांवरचं एसी घ्यावं का रे?"

विचारणाऱ्यांची घरं साधारण दोन प्रकारची असतात. एक म्हणजे भाड्याचा फ्लॅट, जिथे घरमालक भिंतीला भोक पाडू देत नाही. दुसरं म्हणजे आपल्या इंदुरातलं राजवाड्याच्या आसपासचं जुनं घर. भिंती हातभर जाड, बाहेर युनिट टांगायला जागा नाही, आणि आत आजी-आजोबा, जे उन्हाळ्यापुरतंसुद्धा दुसरीकडे राहायला तयार नाहीत. मुलं पुण्याला किंवा बेंगळुरूला. तिथून ती ऑनलाइन एसी मागवतात, खोकं घरी पोचतं आणि खरा गोंधळ तिथून पुढे सुरू होतो. म्हणून या वेळचा लेख त्याच विषयावर.

पाइप नाही, तर एसी नाही

कुठलाही एसी थंडी तयार करत नाही. तो खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. फ्रिजचं दार उघडं ठेवलं तर स्वयंपाकघर गार होत नाही, उलट तापतं, हे आपल्याला ठाऊक असतं. कारण फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून त्याच खोलीत सोडतो. स्प्लिट एसीचा तापणारा भाग भिंतीबाहेर असतो. पोर्टेबल एसीत गार भाग आणि तापणारा भाग एकाच डब्यात, तुमच्या खोलीतच असतात. त्यामुळे तापलेली हवा पाच-सहा इंच जाडीच्या पाइपाने घराबाहेर सोडावीच लागते.

पाइप न जोडता एसी चालवला तर समोर उभं राहणाऱ्याला गार झुळूक लागते, पण खोलीच्या दृष्टीने ते यंत्र म्हणजे बाराशे वॅटचा हीटर असतो. घरी एकट्या राहणाऱ्या आई-वडिलांकडे नेमकं हेच होतं. पाइप जड वाटतो, खिडकीत बसत नाही, मग तो कोपऱ्यात पडून राहतो आणि "एसी काही कामाचा नाही" असा निकाल लागतो.

यावरून आणखी एक गोष्ट ओळखता येते. दोन-तीन हजारांत टेबलावर ठेवायचे 'मिनी एसी' जाहिरातीत दिसतात. त्यांना पाइप नसतो, म्हणजे ते एसी नाहीत. आत पाणी घालायचा लहानसा कूलर असतो, इतकंच.

आधी कूलरचा विचार करा

इंदूरचा मे महिना कोरडा असतो, हे आपलं भाग्य आहे. बाहेर ४० अंश आणि हवेतली आर्द्रता २० टक्के असेल, तर चांगला कूलर २७ ते २९ अंशांची हवा देऊ शकतो, तेही दीड-दोनशे वॅटमध्ये. एसीच्या तुलनेत ही वीज फारच कमी. पण पहिला पाऊस पडला की गणित बदलतं. ३३ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असताना तोच कूलर जेमतेम तीन अंश उतरवतो आणि खोली दमट करून ठेवतो.

म्हणून माझा क्रम असा. खिडकी मोकळी असेल आणि त्रास फक्त एप्रिल-मेचा असेल, तर कूलर. भिंतीला हात लावायची परवानगी असेल, तर स्प्लिट. एक टनाच्या साध्या स्प्लिटची किंमत पोर्टेबलच्या आसपासच असते, तो आवाज कमी करतो आणि तेवढ्याच गारव्याला वीज कमी खातो. हे दोन्ही जमत नसेल आणि खोलीत उन्हाचा खरा त्रास होणारं माणूस असेल, तर पोर्टेबल.

एका पाइपाचा हिशेब

बाजारातले बहुतेक पोर्टेबल एसी एका पाइपाचे असतात. ते खोलीतलीच हवा ओढून, तापवून बाहेर फेकतात. जेवढी हवा बाहेर जाते तेवढीच दाराच्या फटीतून, खिडकीच्या सांध्यातून आत येते.

दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली घ्या. तिच्यात साधारण ३४ घनमीटर हवा मावते. यंत्राने तासाला ३०० घनमीटर हवा बाहेर फेकली, तर खोलीतली सगळी हवा तासात जवळपास नऊ वेळा बदलते. येणारी हवा ४० अंशांची आणि खोली २७ अंशांची असेल, तर ही नवी हवा गार करायलाच सव्वा किलोवॅटच्या आसपास ताकद खर्ची पडते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. म्हणजे एक तृतीयांश ताकद तिथेच गेली. पोर्टेबलचा एक टन स्प्लिटच्या एक टनाइतका गार का वाटत नाही, त्याचं मोठं कारण हे.

यावर उपाय दोन. दोन पाइपांचं मॉडेल मिळालं तर ते घ्या. ते गरम भागासाठी हवा बाहेरूनच घेतं आणि बाहेरच सोडतं. नाही मिळालं, तर आत येणारी हवा कुठून यावी ते आपण ठरवायचं. उन्हाकडच्या खिडकीच्या फटी कापडाने किंवा फोमच्या पट्टीने बंद करा आणि माजघराकडच्या दाराखालची फट तशीच ठेवा. जुन्या घराचं माजघर भर दुपारीही बाहेरपेक्षा बरंच गार असतं. त्या खोलीला लागून न्हाणीघर असेल, तर त्याचं दार बंद ठेवा. आणि आत गॅस गीझर असेल, तर एसी चालू असताना तो मुळीच लावू नका. खोली हवा ओढत असते, त्यामुळे गीझरचा विषारी धूर उलटा आत येऊ शकतो.

खरेदीआधी टेप घेऊन खिडकीपाशी जा

सोबत येणारी खिडकीची पट्टी सरकत्या खिडकीसाठी बनवलेली असते. आपल्या जुन्या घरांत दोन झडपांची, गजांची खिडकी असते आणि गजांमधून तो जाड पाइप जात नाही. सोपा मार्ग असा: सुताराकडून खिडकीच्या मापाचा प्लायचा तुकडा कापून घ्या, त्यात पाइपाच्या मापाचं गोल भोक पाडा आणि तो तुकडा गजांच्या आतून बसवा. पाइपाचं तोंड दोन गजांमधल्या मोकळ्या जागेकडे येईल असं बघा. भिंतीला भोक नाही, त्यामुळे घरमालकाचीही तक्रार नाही.

पाइप साधारण दीड मीटरचा असतो. दुसरा जोडून तो लांबवू नका, मोटरवर ताण येतो. जितका आखूड आणि सरळ, तितका बरा. चालू असताना पाइप चांगलाच तापतो, म्हणून त्याच्याभोवती उष्णतारोधक फोम गुंडाळला तर फरक पडतो.

बाकी तपासायच्या गोष्टी:

- प्लग मोठा, १६ अँपिअरचा लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही. जुन्या घरात वायरिंग आणि अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून आधी बघून घ्या.
- यंत्राचं वजन २५ ते ३५ किलो असतं. चाकं असली तरी उंबरा ओलांडताना दोन माणसं लागतात. रोज या खोलीतून त्या खोलीत नेऊ, हा बेत सोडून द्या.
- कॉम्प्रेसर खोलीतच असल्याने आवाज स्प्लिटपेक्षा बराच जास्त असतो. ज्यांच्यासाठी घेताय त्यांना दुकानात तो चालू करून ऐकवा.
- लेबलवर 'आर-२९०' लिहिलं असेल, तर आतला वायू प्रोपेन आहे, म्हणजे ज्वलनशील. माहितीपुस्तकात दिलेल्या मापापेक्षा लहान खोलीत तो ठेवू नका.
- घरी आणल्यावर उभा ठेवा आणि माहितीपुस्तकात सांगितलेले तास थांबून मगच चालू करा. प्रवासात आडवा झाला असेल तर कॉम्प्रेसरचं तेल जागेवर यायला वेळ लागतो.
- वीज गेल्यावर घरचा नेहमीचा इन्व्हर्टर हा भार उचलत नाही. त्या वेळेसाठी पंखा आणि पाणी हाताशी असू द्या.

वापरायचा कसा

१ जानेवारी २०२० पासून स्टार लेबलचे खोलीचे एसी २४ अंशांवरच सुरू व्हावेत, असा आपल्याकडे नियम आहे. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीच्या सांगण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. पोर्टेबलला १८ वर ठेवून तो १८ पर्यंत पोचतच नाही, नुसता धावत राहतो. २६ वर ठेवा, छताचा पंखा हळू लावा, उन्हाकडचा पडदा सकाळी दहालाच ओढा. खोली तापण्याआधी एसी सुरू केला तर तो पुरतो. जाळी दर पंधरा दिवसांनी धुवा. पावसाळ्यात आतली पाण्याची टाकी भरली की यंत्र आपोआप थांबतं, तेव्हा नळी लावून पाणी काढा.

आणि आपण माळव्यात राहतो हे विसरू नका. 'शब-ए-मालवा'चं नाव आपल्या गार रात्रींमुळेच आहे. सिमेंटने त्या रात्री थोड्या तापवल्या असतील, पण उशिरा रात्री बाहेरची हवा खोलीपेक्षा गार झाली की टायमरने एसी बंद होऊ द्या आणि खिडकी उघडा.

आजी तो बंद करते, त्याचं काय?

वय झालं की तहान कमी लागते, घामही कमी येतो. शरीर स्वतःला पूर्वीसारखं गार ठेवू शकत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की हवा ४० अंशांच्या वर गेल्यावर पंख्याने गारवा मिळत नाही, उलट शरीर तापू शकतं. म्हणून एसी एकच असेल तर तो दिवाणखान्यात नको, आजीच्या खोलीत हवा.

पण आजी बिलाच्या भीतीने पाठ फिरताच तो बंद करते. तिला हिशेब दाखवा. बाराशे वॅटचा एसी अखंड चालला तर तासाला १.२ युनिट. रोज पाच तास म्हणजे ६ युनिट, महिन्याला १८०. सात रुपये दर धरला तर १,२६० रुपये. तुमच्या बिलावरचा दर घालून हाच गुणाकार तिच्यासमोर कागदावर करा. आकडा डोळ्यांसमोर असला की भीती कमी होते. रिमोटवरच्या फक्त दोन बटणांना रंगीत टिकल्या लावा, एक चालूसाठी आणि एक बंदसाठी.

एवढं करूनही घरातलं वयस्कर माणूस उन्हात असंबद्ध बोलू लागलं, अंग तापलं किंवा ग्लानी आली, तर एसीवर विसंबू नका. अंग ओल्या कपड्याने पुसत लगेच डॉक्टरांकडे न्या.

बाहेरगावी असलेल्या मुलांना एकच विनंती. एसी मागवलात तर एका शनिवारी इंदूरला या, किंवा इथल्या भावंडाला तरी घरी पाठवा. प्लाय कापून, पाइप बसवून, टायमर लावून झाला आणि आजी त्या खोलीत दुपारभर निवांत झोपली, की मग खोकं माळ्यावर टाका.