फलकावरची जागा मोजली, अक्षराचं काय?

बेळगाव : कर्नाटकात 2024 च्या दुरुस्ती कायद्याने दुकानांच्या फलकांवर 60 टक्के कन्नड सक्तीचं झालं. तेव्हापासून सीमाभागात चर्चा टक्क्यांचीच. उरलेल्या जागेत मराठी किती बसते यावर वाद होतो. ती कशी लिहिली जाते, हे फारसं कुणी बघत नाही.

‘दऱ्या’ डोंगरात असतात, ‘दर्या’ म्हणजे समुद्र. ‘आचाऱ्यांना’ बोलावलं तर स्वयंपाक होतो, ‘आचार्यांना’ बोलावलं तर प्रवचन. फरक एवढाच, की र पुढच्या अक्षराला आडवा जोडायचा की रफार करून डोक्यावर द्यायचा. हिंदीला या आडव्या र ची गरज पडत नाही. त्यामुळे हिंदीवर बेतलेल्या कीबोर्डवर तो शोधावा लागतो, आणि घाईत रफारावर भागवलं जातं.

ळ चीही तीच गत. ‘येळ्ळूर’चं ‘येल्लूर’ छापलं, तरी प्रवासी बरोबर गावातच उतरतो. यात कन्नडला दोष देता येणार नाही. ळ कन्नडमध्येही आहे.

‘वाचणाऱ्याला कळतंय ना, मग झालं,’ असं यावर म्हटलं जातं. वाक्यात ते खरंही आहे. मागचापुढचा संदर्भ चूक सांभाळून घेतो. पण यादीतल्या नावाला संदर्भ नसतो. ‘गोऱ्हे’ आणि ‘गोर्हे’ एकच, हे शेजाऱ्याला कळेल. संगणकाला कळेलच असं नाही. त्यात आडवा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे टाइप होतो. दिसायला तंतोतंत सारखा, आतले संकेत मात्र वेगळे. तशी सोय केलेली नसेल, तर नाव यादीत असूनही शोधल्यावर सापडणार नाही.

महाराष्ट्र सरकारने मराठी लिपीबाबत 2009 मध्ये शासन निर्णय काढला आणि 2022 मध्ये तो सुधारला. ल, श कसे लिहायचे इथपर्यंत त्यात ठरवून दिलंय. पण तो सीमेपलीकडे लागू होत नाही. म्हणजे इथलं काम इथल्याच संस्थांनी, छापखान्यांनी आणि आम्हा बातमीवाल्यांनी करायचं.

मराठीतून परिपत्रकं द्या, ही मागणी रास्तच आहे. तिच्यासोबत एक पानी नमुनाही द्यायला हवा: फॉन्ट कोणता, आडवा र कसा टाइप करायचा, गावांची नावं कशी लिहायची. नाहीतर उद्या कागद मराठीत येईल, पण त्यावरचं नाव आपलं नसेल.