काढून टाकलेला विद्यार्थी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आमच्या वसतिगृहातील एका मुलाच्या पेटीत पंक्चर काढण्याच्या सोल्यूशनच्या चार रिकाम्या ट्यूब आणि वासाने कडक झालेला एक रुमाल सापडला. मुलगा नववीत होता. तिसऱ्या दिवशी त्याच्या वडिलांना बोलावून आम्ही दाखला हातात दिला. वडील सातपूरच्या कारखान्यात कंत्राटी कामगार होते. ते एवढेच म्हणाले, "सर, ज्या गल्लीतून काढून तुमच्याकडं आणला, त्याच गल्लीत परत नेऊ का?" आमच्याजवळ उत्तर नव्हते. नियम होता, तो आम्ही पाळला.

स्मरणिकेत संस्थेच्या यशाची नोंद असावी हा प्रघात आहे. तरीही ही नोंद येथे असावी असे आम्हांस वाटते; कारण त्या वडिलांनी विचारलेला प्रश्नच व्यसनाच्या अभ्यासकांनी फार पूर्वी विचारला होता. व्हिएतनामच्या युद्धात असंख्य अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. ते मायदेशी परतल्यावर काय होते याचा शोध ली रॉबिन्स या संशोधिकेने 1970 च्या दशकात घेतला. बहुसंख्य सैनिकांचे व्यसन घरी आल्यावर सुटले, असे तिला आढळले. पदार्थ तोच होता, भोवताल बदलला होता. आम्ही मात्र नेमके उलटे केले : बरा भोवताल काढून घेतला आणि वाईट भोवताल परत केला.

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयाने 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात एक विचित्र आकडा आहे. हुंगून घेण्याचे पदार्थ हाच असा एक प्रकार, की ज्याचे प्रमाण प्रौढांपेक्षा मुलांत अधिक आढळले : प्रौढांत 0.58 टक्के, मुलांत 1.17 टक्के. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या 38 जणांपैकी एकालाच काही उपचार मिळाले होते. बेकायदा मादक पदार्थांच्या बाबतीत रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळाले ते 20 पैकी एकाला. उरलेल्यांना काय मिळते? मार, उपदेश, पोलीस, आणि शाळकरी असेल तर दाखला.

आमचा गंगापूर रोड विद्येचा रस्ता म्हणून ओळखला जातो. महाविद्यालये आणि शिकवणीवर्ग ओलांडून धरणाकडे निघाले की द्राक्षमळे आणि वाइनरीचे फलक सुरू होतात. शहराच्या दुसऱ्या टोकाला, पुणे रस्त्यावरील शिंदे गावात, ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी मेफेड्रोन बनविणारा कारखाना उघडकीस आणला. सुमारे 300 कोटी रुपयांचा माल जप्त झाल्याचे सांगण्यात आले. असा कारखाना चालविणारा आणि रुमाल हुंगणारा चौदा वर्षांचा मुलगा यांना एकाच तराजूत तोलणे हा न्याय नव्हे. 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदा कठोर आहे. पण त्याच्या कलम 64-अ मध्ये स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनी व्यक्तीला अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण दिले आहे. शासनाने ठेवलेली ही फट आमच्या वसतिगृहाच्या नियमावलीत मात्र नव्हती.

महाराष्ट्राला हा मार्ग अनोळखी नाही. गर्दच्या विळख्यावर अनिल अवचट यांनी लेखन केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी देणगी दिली. आणि 1986 मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी पुण्यात 'मुक्तांगण' उभे केले. तेथे दाखल झालेल्यास 'रुग्णमित्र' म्हणतात, आणि व्यसनातून बाहेर पडलेलेच पुढे समुपदेशक होऊन इतरांना हात देतात. घसरलेला माणूस पुन्हा दाराशी आला तर त्याला परत घेतले जाते. घसरण हा आजाराचाच भाग आहे, हे तेथे गृहीत धरलेले असते. (अनिल अवचट 27 जानेवारी 2022 रोजी गेले. त्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला होता. योगायोगच.)

आमच्या काही सहकाऱ्यांचा आक्षेप आहे, की पंचशील शिकविणाऱ्या संस्थेने पाचव्या शिलाबाबत सवलत कशी द्यावी? एकाला राखले तर शंभर बिघडतील, ही भीतीही ते बोलून दाखवितात. ही भीती आम्ही क्षुल्लक मानत नाही. एकाच खोलीत दहा-बारा मुले झोपतात, आणि वाईट सवय लवकर पसरते. परंतु पालीत शिलाला 'सिक्खापद' म्हणतात, म्हणजे शिकण्याची पायरी. वंदनेत आपण तीच पाच शिले वारंवार ग्रहण करतो. ज्याचे शील एकदा मोडले त्याने पुन्हा ग्रहण करूच नये, असे तेथे कोणी म्हणत नाही. आणि खरे सांगायचे तर, मुलांच्या पेट्या तपासणाऱ्या आमच्यापैकी काहींच्या खिशात त्या दिवशीही तंबाखूची पुडी होती.

येत्या जूनपासून पुढीलप्रमाणे व्हावे, असा ठराव आम्ही व्यवस्थापन समितीपुढे ठेवला आहे. पदार्थ विकणाऱ्या बाहेरच्या माणसाची खबर पोलिसांना द्यावी. मूल आहारी गेलेले आढळल्यास पालकांना विश्वासात घेऊन त्याला डॉक्टरांकडे व समुपदेशकाकडे न्यावे. गरज पडल्यास उपचारासाठी रजा द्यावी, आणि त्या काळात त्याची खाट व हजेरीपटावरील नाव राखून ठेवावे. 14446 हा शासनाचा निःशुल्क मदत क्रमांक भोजनगृहाच्या भिंतीवर लिहावा. शिक्षकांनी आवारात तंबाखू खाऊ नये.

समितीने शेवटच्या दोन बाबी मान्य केल्या आहेत. खाट राखण्याचा मुद्दा पुढील बैठकीवर ढकलला आहे.