विश्लेषण : डिजिटल चित्रकलेची सुरुवात राखाडीतून की थेट रंगांतून?

वर्ध्यालगतच्या सावंगी (मेघे) या गावाची आजची ओळख रुग्णालयाची आणि वैद्यकीय शिक्षणाची आहे. तिथल्या आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे पाहणाऱ्या डॉक्टरला रंगाची गरज पडत नाही. काळा, पांढरा आणि मधल्या राखाडी छटा, एवढ्यावर हाड कुठे तडकले ते कळते. कावीळ ओळखताना मात्र हे चालत नाही. तिथे डोळ्यांच्या पांढऱ्या भागात उतरलेला पिवळेपणा दिसावा लागतो, तोही शक्यतो दिवसाच्या उजेडात. कृष्णधवल फोटोवरून कावीळ सांगता येणार नाही.

मोबाइलवर किंवा टॅबवर चित्रकला शिकू पाहणाऱ्यांपुढचा नेहमीचा प्रश्न याच जातीचा आहे. सुरुवात फक्त राखाडीत, म्हणजे ग्रेस्केलमध्ये करायची की पहिल्या दिवसापासून रंग घ्यायचे?

वाद नेमका काय?

आयबिस पेंट, क्रिता, स्केचबुक यांसारखी ॲप फुकट मिळतात आणि साध्या मोबाइलच्या पडद्यावरही सुमारे १ कोटी ६७ लाख रंग निवडता येतात. अडचण तिथूनच सुरू होते. नवशिका रंग निवडत बसतो, चित्र मळकट किंवा सपाट होते आणि दोष कधी स्वतःच्या हाताला, कधी मोबाइलला दिला जातो. मग महागडा पेन टॅब्लेट घरी येतो आणि चित्र तसेच राहते. म्हणून एक गट सांगतो, रंग बाजूला ठेवा, आधी छायाप्रकाश शिका. दुसरा गट म्हणतो, जग रंगीत आहे. राखाडीत महिने घालवले तर उत्साहच मावळतो.

दोघांचेही खरे आहे. फक्त ‘राखाडी आधी’ या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. राखाडीत सराव करणे ही एक आणि राखाडी चित्रावर रंग चढवून ते पूर्ण करणे ही दुसरी. पहिली नवशिक्याने जरूर करावी, दुसरीपासून मात्र सुरुवातीला लांबच राहावे.

राखाडी सरावाचा फायदा काय?

ॲपमधला रंग निवडण्याचा चौकोन थोडा फसवा असतो. तिथे भडक पिवळा आणि भडक निळा घेतला, तर दोन्हींची ‘ब्राइटनेस’ १०० दाखवली जाते. डोळ्याला मात्र पिवळा जवळपास पांढऱ्याइतका उजळ आणि निळा जवळपास काळ्याइतका गडद दिसतो. रंगाचा उजळपणा काढण्यासाठी टीव्हीच्या तंत्रात वापरल्या गेलेल्या जुन्या सूत्रात हिरव्याचा वाटा सुमारे ५९ टक्के, लालचा ३० आणि निळ्याचा अवघा ११ टक्के आहे. पडद्यावरचा पिवळा लाल आणि हिरव्यापासून बनतो, म्हणजे त्याच्या पदरात ८९ पडतात. नवशिक्याला हे ठाऊक नसते. तो आकड्यावर विसंबतो आणि चित्रातला उजेड बिघडतो.

राखाडीत काम करताना हा गोंधळच उरत नाही. एकच प्रश्न राहतो: ही जागा शेजारच्या जागेपेक्षा उजळ की गडद? सेवाग्रामच्या बापू कुटीत मीराबेन यांनी भिंतीवर मातीतून उठवलेली झाडे आणि चरखा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. भिंत आणि चित्र यांच्या रंगात फरक नाही, तरी उंचवट्यावर पडलेला उजेड आणि त्याची सावली यांतून आकार दिसतो. सावंगीहून सेवाग्राम काही लांब नाही. वही घेऊन जाण्यासारखी जागा आहे.

मग रंगांवाल्यांचे काय चुकते?

फारसे काही नाही. सावळाराम हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातले चित्र अनेकांनी पाहिलेले असते, पुष्कळदा ते राजा रविवर्म्याचे समजून. हातात समई घेतलेल्या तरुणीचे हे चित्र मैसुरूच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. मोबाइलवर ते कृष्णधवल करून पाहावे. ज्योत तरीही उजळते, चेहऱ्यावरचा प्रकाश शाबूत राहतो. पण ज्योतीआड धरलेल्या बोटांतून पाझरणारी लाली निघून जाते. ती लाली नुसत्या उजळ-गडदाने दाखवता येत नाही.

याहून टोकाचे उदाहरण क्लोद मोने यांच्या १८७२ च्या ‘इम्प्रेशन, सनराइज’चे. त्यातला केशरी सूर्य भोवतालच्या करड्या आकाशाइतकाच उजळ आहे. चित्र राखाडी केले की सूर्य जवळजवळ नाहीसा होतो. हा सूर्य राखाडीतून सुरुवात करून सुचलाच नसता.

राखाडीवर रंग चढवण्यात धोका कोणता?

ही पद्धत व्हिडिओंमध्ये फार सोपी दिसते. चेहरा राखाडीत पूर्ण करायचा, वर नवा लेयर घ्यायचा, त्याचा मोड ‘कलर’ करायचा आणि त्वचेचा रंग फिरवायचा. दोन मिनिटांत चित्र रंगीत होते आणि चेहरा राख फासल्यासारखा दिसतो.

कारण साधे आहे. ‘कलर’ मोड खालचा उजळपणा तसाच ठेवून फक्त रंग बदलतो. नवशिका उजेडावर आणि सावलीवर एकच त्वचेचा रंग पसरवतो. प्रत्यक्षात विदर्भातल्या दुपारी दारात उभ्या माणसाच्या चेहऱ्याची उन्हाची बाजू पिवळसर असते, सावलीच्या बाजूला आकाशाचा निळसरपणा येतो, शेजारी विटांची भिंत असेल तर गालावर तिची लाली उतरते, आणि पाठीमागून ऊन आले तर कानाची पाळी तांबडी दिसते. यातली एकही माहिती खालच्या राखाडी चित्रात नसते. ती वेगळी शिकावी लागते. मुरलेले चित्रकार ही पद्धत सर्रास वापरतात हे खरे, पण ते वरून पुन्हा साध्या लेयरवर रंगवतात आणि सावलीत कोणता रंग मिसळायचा हे त्यांना आधीपासून माहीत असते. नवशिका त्यांचा शॉर्टकट तेवढा उचलतो.

मधला मार्ग आहे का?

आहे, आणि सावंगीच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना तो अर्धा माहीत असतो. पहिल्या वर्षाच्या हिस्टॉलॉजीच्या वहीत आकृत्या काढायला त्यांना दोनच पेन्सिली लागतात, एक गुलाबी आणि एक निळसर-जांभळी. एवढ्यात अख्खी पेशीरचना दाखवता येते. चित्रकारांकडे याच धर्तीची एक पॅलेट स्वीडनच्या अँडर्स झोर्न यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्यात पांढरा, काळा, पिवळ्या मातीचा आणि शेंदरी असे चारच रंग असतात. तांबूस-पिवळ्या रंगांशेजारी काळ्यात पांढरा मिसळून केलेला राखाडी निळसर भासतो. राखाडीतून रंगात येताना कोट्यवधी रंगांच्या चौकोनाआधी हा टप्पा घ्यावा.

प्रत्यक्षात काय करावे?

पहिले तीन-चार आठवडे रोज एक छोटे चित्र, पाचच छटांत. विषय घरातले असावेत. काळ्या कापडावर ठेवलेले कापसाचे फुटलेले बोंड उत्तम, कारण मुळात ते पांढरे आहे आणि त्याचा सगळा आकार सावलीतच असतो. त्याच आठवड्यांत, निदान रविवारी, एक वेगळे चित्र थेट रंगांत काढावे. नागपुरी संत्रे, झाडावरची पिकलेली मिरची, काहीही. हे चित्र बिघडले तरी चालेल. ते तपासण्यासाठी सगळ्यात वर एक लेयर काळ्याने भरून त्याचा मोड ‘कलर’ करावा. तो लेयर चालू केला की चित्र राखाडी, बंद केला की रंगीत. नुसते ‘सॅच्युरेशन’ शून्यावर नेण्यापेक्षा हे बरे, कारण काही ॲपमध्ये तसे केल्यावर भडक पिवळा आणि भडक निळा एकाच राखाडीत उतरतात.

लाल मिरची हिरव्या पानांत ठेवली की हा लेयर पुष्कळदा चकित करतो: मिरची पानांत विरघळून जाते. ती वेगळी दिसावी म्हणून पाने गडद करायची की मोनेच्या सूर्यासारखा सगळा भार रंगावरच सोडायचा, हे चित्र काढणाऱ्याने ठरवायचे असते. शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत पेन्सिलीने छायाप्रकाश घोटलेला असेल, तर राखाडीचा टप्पा आठवड्याभरात आटोपून थेट या मिरचीपाशी यायला हरकत नाही.